मधल्या खोलीची तपासणी

तांबोळीसाहेबांनी हातोडी मारायची थांबवली, उंबऱ्याबाहेर आले आणि पायांतले बूट काढून ठेवले. मला वाटलं, मधल्या खोलीतला सासूबाईंचा फोटो आणि त्यापुढची उदबत्ती बघून काढले असतील. म्हणून मी म्हटलं, "असू द्या साहेब, फरशी अजून पुसायचीच आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खोलीच्या मधोमध लोखंडी कॉट होती आणि तिच्या पायथ्याला पाय सोडून माझे सासरे, अण्णा, बसले होते. साहेब त्यांना हळू आवाजात म्हणाले, "बाबा, पाय वर घ्या. खाली टेकवू नका."

अण्णांनी पाय वर घेतले. का, कशासाठी, काही विचारलं नाही. ऐंशीला टेकलेला माणूस, एरवी कुणी जरा सरका म्हटलं तरी कारण मागणारा. तो मुकाट्यानं गुडघे पोटाशी धरून बसला. मला पहिली भीती वाटली ती तिथं.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. आम्ही तेव्हा बार्शीत राहायचो. अण्णा, म्हणजे दामोदर माळवदे, शिंपी होते. एकामागे एक तीन खोल्या आणि मागं परस, असं विटांचं साधं घर त्यांनी तरुणपणी बांधलेलं होतं. पुढच्या खोलीत त्यांचं शिलाईचं दुकान होतं, मागं स्वयंपाकघर, आणि मधल्या खोलीत ते स्वतः. माझे मिस्टर हेमंत सोलापूरला एसटीच्या वर्कशॉपात नोकरीला होते. रोज पहाटे जायचे, रात्री यायचे. शेवटी सोलापुरातच फ्लॅट घ्यायचं ठरलं आणि त्यासाठी बार्शीचं घर विकायचं ठरलं.

हेमंतच्या एका मित्रानं सल्ला दिला, की जुनं घर म्हटलं की गिऱ्हाईक दहा खोडी काढतं आणि भाव पाडतं. त्यापेक्षा आधी आपणच इंजिनिअर बोलावून घर तपासून घ्यावं, काय असेल ते दुरुस्त करावं आणि मग बोर्ड लावावा. गावात रियाज तांबोळी म्हणून इंजिनिअर होते, पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांना रविवारची वेळ दिली.

घर विकायला अण्णांनी एका शब्दानं विरोध केला नव्हता. तपासणीचं नाव काढल्यावर मात्र ते बिथरले. "घर काय बैल आहे, दात मोजून बघायला?" एवढंच म्हणाले आणि ताटावरून उठून गेले. पुढचे तीन दिवस त्यांनी धड जेवण केलं नाही. मशीनवर बसायचे, पण मशीनचा आवाज यायचा नाही. हेमंत म्हणाले, म्हाताऱ्याचा जीव घरात अडकलाय. मला तसं वाटलं नाही. माझ्या आईला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी बघितलं होतं. अण्णांचा चेहरा तसा दिसत होता. पण मी विचारायला गेले नाही. तेव्हा आमच्यात बोलणंच उरलं नव्हतं.

त्याचं कारण सांगायला हवं. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हापासून मधल्या खोलीचं एक शास्त्र होतं. कॉट मधोमधच असायची, भिंतीला लावायची नाही. कॉटखाली काही ठेवायचं नाही, सुपारीचा डबासुद्धा नाही. पाहुणे आले तरी त्या खोलीत अंथरूण घालायचं नाही, मग पुढच्या खोलीत कापडाच्या ढिगाऱ्यावर का झोपेना कुणी. माझी मुलगी ऋतुजा पाच वर्षांची असताना लपाछपी खेळता खेळता त्या कॉटखाली शिरली. अण्णांनी तिला फरफटत बाहेर ओढलं आणि हातातल्या कापड मोजायच्या लोखंडी गजानं तिच्या पोटरीवर मारलं. जन्मात कुणावर हात न उचललेला माणूस. वळ आठ दिवस होता. ते मी विसरले नाही.

त्यानंतर सासूबाई गेल्या आणि आणखी दोन वर्षांनी मोरीचं भांडण झालं. आमची न्हाणी परसात होती, पत्र्याच्या दाराची. दाराला फटी पडलेल्या. पोर मोठी होत होती, म्हणून मी हट्ट धरला की मोरी घरात पाहिजे. जागा एकच होती, मधल्या खोलीच्या भिंतीपलीकडची बोळ. अण्णांनी त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं. मोरी नको म्हणजे नको. का नको, ते सांगता येईना. हेमंतनी माझी बाजू घेतली आणि मोरी झाली. तेव्हापासून अण्णांनी माझं नाव टाकलं. आणि एक नवीन खोड सुरू केली. आमच्या सगळ्यांच्या आंघोळी उरकल्या की लुंगी खोचून ते मोरीत जायचे आणि ओणवे होऊन फडक्यानं थेंब न् थेंब टिपून घ्यायचे. पिळायचे, पुन्हा टिपायचे. मला तो टोमणा वाटायचा. मी चार महिने तो गिळत होते.

तर त्या रविवारी तांबोळीसाहेब दहाच्या सुमाराला आले. आधी छत बघितलं, मग भिंती. पुढच्या खोलीत एक तडा होता, तो वरवरचा निघाला. स्वयंपाकघर ठीक होतं. मोरीत गेल्यावर मात्र त्यांनी बराच वेळ घेतला. एक यंत्र भिंतीला लावून ते बघत होते. बाहेर येऊन म्हणाले, पाणी भिंतीत उतरतंय, खाली कुठं जातंय ते बघावं लागेल. अण्णा पुढच्या खोलीत होते. हे ऐकलं आणि ते उठून मधल्या खोलीत गेले, कॉटच्या पायथ्याकडून वर चढले आणि बसले. ते नेहमी पायथ्याकडूनच चढायचे उतरायचे. म्हातारपणाची सवय, असं आम्ही धरून चाललो होतो.

साहेबांनी छोटी हातोडी काढली आणि दारापासून एकेक फरशी वाजवत निघाले. टक. टक. टक. शहाबादी फरशीचा घट्ट, भरलेला आवाज. चार पावलांवर आवाज बदलला. धब. साहेबांनी तिथं खडूनं फुली मारली. बाजूला सरकून वाजवलं. धब. आणखी एक फुली. ते भिंतीच्या कडेकडेनं फिरत, हात लांब करून कॉटच्या दिशेनं वाजवत होते आणि आवाज बदलला की फुली मारत होते. हेमंत दारात उभे राहून फोनवर कुणाशी तरी बोलत होते. मी मात्र फुल्या बघत होते. आधी ती नुसती वाकडी ओळ होती. मग ती वळायला लागली. एक बाजू झाली, दुसरी बाजू झाली आणि शेवटची फुली पहिलीपाशी येऊन मिळाली. खोलीच्या मधोमध फुल्यांचं मोठं गोल कडं झालं होतं आणि त्या कड्यात अण्णांची कॉट होती. कॉटचे चारही पाय कड्याच्या जेमतेम बाहेर होते.

तेव्हाच साहेब बाहेर आले आणि पाऊल हलकं पडावं म्हणून त्यांनी बूट काढले.

"खाली काय आहे?" त्यांनी हेमंतना विचारलं.

हेमंतनी फोन खाली घेतला. "काय असणार? जमीन."

"मी बाबांना विचारतोय."

अण्णा माझ्या सासूबाईंच्या फोटोकडे बघत होते. परसात ऋतुजा शेजारच्या मुलीबरोबर खेळत होती, तिचा आवाज येत होता. मग अण्णा म्हणाले, "आधी पोरीला काशीदांकडं पाठवा. मग सांगतो."

मी धावत परसात गेले. काशीद आमचे शेजारी, मंडपवाले. ऋतुजाला त्यांच्या बायकोच्या हवाली केलं आणि मी बोलवेपर्यंत सोडू नका म्हणाले. परत आले तेव्हा अण्णांनी सांगून टाकलेलं होतं. हेमंत दाराची चौकट धरून उभे होते आणि त्यांच्या ओठांचा रंग गेला होता.

"आड आहे," साहेब मला म्हणाले. "खोलीखाली आड आहे. मोकळा."

मला शब्द कळला, पण अर्थ डोक्यात शिरायला वेळ लागला. पंधरा वर्षं मी त्या खोलीतून रोज पन्नास वेळा ये-जा केली होती. कडेकडेनं, कारण मध्ये कॉट होती.

साहेब पोटावर पालथे पडले आणि फरशीला कान लावून ऐकायला लागले. मग त्यांनी मला खुणेनं ऐकायला सांगितलं. मी उंबऱ्यापाशी वाकून कान टेकवला. गार फरशी. आधी काही नाही. नंतर खालून, फार खोलवरून, सुपातून वाळू घरंगळावी तसा आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

"मुरूम गळतोय," साहेब म्हणाले. "वरच्या लाकडांना ओल लागलीय. कडेची दगडांची बांधणीही सुटत चाललीय. तो पाय बघा."

दाराकडचा, उशाचा पाय. मी रोज झाडताना बघत होते तो. फरशीत बोटभर रुतला होता.

साहेबांनी अग्निशमनला फोन लावला. गाडी एका गोडाऊनच्या आगीवर गेली होती, तास तरी लागेल म्हणाले. तोवर थांबावं का, असं हेमंतनी विचारलं. साहेबांनी उत्तर द्यायच्या आत कॉट करकरली आणि तो पाय आणखी थोडा खाली गेला. आमच्या डोळ्यांदेखत. अण्णा एका बाजूला कलले आणि त्यांनी गादीची कड धरली.

"अण्णा, पायथ्याकडून हळूच उतरा ना," हेमंत म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"नको," साहेब म्हणाले. "आता कड कुठवर पोकळ झालीय, सांगता येत नाही. पाय टेकवला की सगळं वजन एका जागी. फळ्या पाहिजेत. लांब फळ्या."

मंडपवाल्यांच्या घरी फळ्यांना तोटा नसतो. हेमंत काशीदांकडे पळाले. साहेब दोर शोधायला परसात गेले. मी उंबऱ्यावर आणि अण्णा कॉटवर, असे आम्ही दोघंच राहिलो. आमच्यात सहा-सात फुटांचं अंतर होतं. अण्णा बोलायला लागले. माझ्याकडे न बघता, पण माझ्याशीच.

त्यांनी सांगितलं ते असं. जागा घेतली तीच आडासकट. पन्नास हात खोल आड. सासूबाईंची धाकटी बहीण माहेरच्या आडात पडून गेली होती. त्यामुळे सासूबाईंनी लग्नातच सांगितलं होतं, आड असलेल्या घरात मी पाऊल ठेवणार नाही. अण्णांनी बुजवतो म्हणून कबूल केलं. त्या बाळंतपणाला माहेरी गेल्या, हेमंतच्या वेळी, आणि अण्णांनी बांधकाम काढलं. भिंती उभ्या राहिल्या, आड तसाच. पावसाळा तोंडावर आला. गवंडी म्हणाला, तूर्त बाभळीच्या तुळया टाकू, वर दगडी लाद्या, वर मुरूम, पावसाळ्यानंतर उघडून भरू. तुळया पडल्या, फरशी बसली. सव्वा महिन्याचं पोर घेऊन सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"उंबऱ्याबाहेरनंच विचारलं तिनं," अण्णा म्हणाले. "बुजवला का? मी म्हटलं, बुजवला."

खाली वाळू गळाली. ते गप्प झाले, आवाज थांबल्यावर पुन्हा बोलले.

"एकदा बुजवला म्हटल्यावर परत उघडायचा कसा? आज सांगू, उद्या सांगू. पंचेचाळीस वर्षं गेली. ती गेली. तिच्यामागं तरी हेमंतला सांगावं म्हटलं, तर जीभ उचलंना. आईला फसवलं म्हणेल. म्हणून पहिल्यापासनं मीच वर झोपत आलो. कॉट आहे तोवर मधी कुणाचा पाय पडत नाही."

मला ऋतुजाच्या पोटरीवरचा वळ आठवला.

फळ्या आल्या. काशीद स्वतः आले, बरोबर त्यांचा माणूस. साहेबांनी उंबऱ्यापासून कॉटच्या पायथ्यापर्यंत दोन लांब फळ्या टाकल्या, जोडून. त्या कॉटपर्यंत पोचत होत्या, पण अण्णांचे गुडघे गेली चार वर्षं कामातून गेलेले. त्यांना एकट्याला फळीवर उतरता येणार नव्हतं. कुणीतरी पलीकडे जाऊन त्यांना धरून आणायला हवं होतं. हेमंतनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. त्यांचं वजन नव्वद किलो. साहेबांनी मान हलवली. काशीद त्याहून जाड. त्यांचा माणूस मागं सरकला, त्याला दोष देत नाही.

"माझं वजन त्रेचाळीस आहे," मी म्हणाले.

मी हे शूर म्हणून म्हणाले नाही. मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही माहीत आहे. आत एक गोष्ट टोचत होती आणि तिच्यापेक्षा ती फळी बरी वाटली, इतकंच.

हेमंत नाही म्हणाले. साहेबांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी दुहेरी करून माझ्या कमरेला बांधली. दुसरं टोक हेमंत आणि काशीदांच्या हातात दिलं. मला सांगितलं, चालायचं नाही, पालथं पडून सरकायचं. आवाज आला तरी थांबायचं नाही.

मी साडीचा पदर खोचला आणि फळीवर पालथी झाले. नाकाशी जुन्या लाकडाचा आणि मंडपाच्या चुन्याचा वास. पहिलं हातभर सरकेपर्यंत काही झालं नाही. मग मी पहिल्या फुलीच्या रेषेत आले आणि फळी खाली दबली. थोडीशीच, गादी दबावी तशी. माझं सगळं अंग आखडलं. खालून गार हवा येत होती. फरशीच्या सांध्यातून, बारीक, तोंडावर. तिला शेवाळाचा वास होता. मी डोळे मिटले आणि मग कळलं की मिटलेल्या डोळ्यांना जास्त दिसतंय, म्हणून उघडले. फरशीच्या सांध्याची रेघ माझ्यासमोर रुंदावत होती. मुंगी जाईल एवढी, मग काडी जाईल एवढी.

"सूनबाई, परत जा," अण्णा म्हणाले. "मी ऐंशीचा आहे. पोरीला आई लागती."

मी सरकत राहिले. कॉटच्या पायथ्याचा लोखंडी दांडा हाताला लागला तेव्हा मी तो दोन्ही हातांनी धरला. अण्णांचा चेहरा अगदी जवळ होता. चार महिन्यांत मी तो इतक्या जवळून बघितला नव्हता. दाढीचे खुंट वाढले होते आणि डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"अण्णा," मी म्हणाले, "मोरी मी मागितली होती."

ते म्हणाले, "पाणी कुठं जातं ते मला ठाऊक होतं. तुला नव्हतं."

मग त्यांनी माझा हात धरला. मी त्यांना सांगितलं, गादीवरून घसरत या, पाय खाली सोडू नका, आधी छाती फळीवर. ते लहान पोरासारखे माझं ऐकत होते. त्यांची छाती फळीवर आली, पोट आलं. मी मागं मागं सरकत होते, त्यांचे दोन्ही हात माझ्या हातांत. साहेब उंबऱ्यावरून म्हणत होते, हळू, हळू, चांगलं चाललंय. अण्णांचे पाय कॉटवरून निघाले.

आणि कॉट गेली.

आधी उशाचा पाय आरपार खाली गेला. कॉट उभी झाली, गादी घसरली आणि पाठोपाठ फुल्यांच्या आतली सगळी फरशी एकदम, कुणीतरी खालून ओढून घ्यावी तशी, नाहीशी झाली. फारसा आवाज झाला नाही. नुसता एक उसासा झाला आणि धूळ वर आली. मग काहीच नाही. मी सेकंद मोजले नाहीत, पण तेवढ्या वेळात माणूस एक संपूर्ण श्वास घेऊन सोडू शकेल. नंतर खालून पाण्याचा आवाज आला.

फळ्यांची मागची टोकं हवेत लोंबत होती. अण्णांचे पाय त्यांच्यावर होते. माझ्या कमरेला हिसका बसला, दोरी कातडीत रुतली. हेमंत मला ओढत होते आणि मी अण्णांना. मला त्यांचं वजन आठवत नाही, त्यांची नखं माझ्या मनगटात घुसली होती एवढं आठवतं. साहेबांनी पुढं झेपावून त्यांची बंडी धरली. आम्ही दोघं उंबऱ्यावरून पुढच्या खोलीत येऊन पडलो, कापडाच्या तुकड्यांवर, एकमेकांच्या अंगावर. अण्णा रडत होते आणि रडताना हेमंतकडे बघून पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मी बुजवला म्हणालो रे. मी तिला बुजवला म्हणालो."

पुढचा महिनाभर हेमंत बापाशी बोलले नाहीत. अण्णांचं ताट मी वाढायचे आणि जेवण होईपर्यंत समोर बसायचे.

आड भरायला पाच दिवस लागले. घराची मागची भिंत फोडून ट्रॉल्या आत आणल्या. दगड, मुरूम, पाणी, धुम्मसानं ठोकून घट्ट करायचं, पुन्हा दगड. तांबोळीसाहेब रोज यायचे. अण्णा परसात खुर्ची टाकून सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसायचे आणि प्रत्येक ट्रॉली रिकामी होताना उठून उभे राहायचे. शेवटी वर काँक्रीटचा जाड थर पडला. साहेबांनी त्यावर हातोडी मारून दाखवली. टक.

साहेब तपासणीचा कागद लिहायला बसले तेव्हा हेमंत म्हणाले, आता बुजवलाच आहे, तर आडाचं लिहायलाच हवं का? आडाचं नाव वाचून गिऱ्हाईक दारातूनच परतेल. साहेब पेन धरून थांबले. अण्णा कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, "लिहा. किती खोल होता तेही लिहा. कुठं होता ते चित्र काढून दाखवा."

घर वर्षभर विकलं गेलं नाही. जो येई त्याला अण्णा स्वतः मधल्या खोलीत नेत आणि सगळं सांगत, बायकोला काय म्हणाले होते तेसुद्धा. लोक ऐकून घ्यायचे आणि पुन्हा यायचे नाहीत. शेवटी वैराग रस्त्याच्या शाळेतले एक मास्तर आणि त्यांची बायको आले. मास्तरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाकीची घरं बघितली, तिथं कुणी काहीच सांगितलं नाही." त्यांनी घर घेतलं.

आम्ही सोलापूरला तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलो. सामान लागत होतं, दुपार होती. अण्णांना चहा द्यावा म्हणून मी बघितलं तर ते घरात नव्हते. बाहेरचं दार सताड उघडं. जिन्याच्या कठड्यावरून खाली बघितलं, हाका मारल्या. खालच्या, दुसऱ्या मजल्यावरून एका बाईंनी उत्तर दिलं, आजोबा इथं आहेत म्हणून. मी धावत गेले. बिराजदारांचं घर होतं ते, आमच्या बरोबर खालचं. अण्णा त्यांच्या बेडरूममध्ये उभे होते, मान वर करून छत बघत. बिराजदारबाई हातात उलथनं घेऊन त्यांच्या शेजारी उभ्या होत्या आणि त्याही वर बघत होत्या.

"या खोलीवर माझी खोली येती," अण्णा त्यांना सांगत होते.

मी त्यांची माफी मागितली आणि अण्णांना हाताला धरून वर आणलं. जिना चढताना ते दोनदा थांबले. दाराशी आल्यावर म्हणाले, "खाली माणसं राहतात. वांगी फोडणीला टाकलीत त्यांनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजले तरी अण्णा उठले नाहीत. उभ्या आयुष्यात पाचनंतर न झोपलेला माणूस. मी दोनदा दारातून बघून गेले. तिसऱ्यांदा मला राहवलं नाही. त्यांची नवी कॉट भिंतीला लावलेली होती, आणि ते भिंतीकडे तोंड करून निजले होते. मी पाय न वाजवता गेले, वाकले आणि त्यांच्या नाकापाशी बोटं धरली.

ऊन श्वास होता. संथ. बोटांवर येत होता, जात होता.

मी तिथंच खाली फरशीवर बसले. हेमंत आतून विचारत होते, अण्णा उठले का, चहा टाकू का. मी नको म्हणून हात केला. साडेदहा वाजेपर्यंत अण्णा झोपले, आणि तोवर मी त्या घरात कुणाला मोठ्यानं बोलू दिलं नाही.